पाहणीचा दिवा

घर सोडायची नोटीस मिळाली की भाडेकरू आपल्याच घरात पाहुण्यासारखा अंग चोरून वावरायला लागतो, आणि घर बघायला येणारे मात्र खुशाल मोरीत डोकावतात. मयूरी आहेरच्या वाट्याला हे पहिल्याच रविवारी आलं. ती बाथरूममध्ये डोक्याला शांपू लावून उभी होती आणि बाहेर किरण बोरस्ते नावाचा एजंट चार जणांचं कुटुंब घेऊन हजर झाला होता. ना फोन, ना निरोप. दार उघडलं ते अप्पांनी.

अप्पा म्हणजे तिचे वडील, दिगंबर आहेर. मनमाडला स्टेशन रोडवर सदतीस वर्षं त्यांचा फोटो स्टुडिओ होता. आता वय अठ्ठ्याहत्तर, आणि गेल्या तीन वर्षांत डोक्यातल्या गोष्टींची पार सरमिसळ झालेली. सकाळचा चहा घेतला की नाही ते आठवायचं नाही, पण कोणत्या नवरदेवाच्या उजव्या गालावर तीळ होता ते पक्कं ठाऊक. दारात चार माणसं नटूनथटून उभी बघितल्यावर त्यांना वाटायचं तेच वाटलं. मयूरी ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून बाहेर आली, तेव्हा त्या कुटुंबातली बाई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर ताठ बसली होती आणि अप्पा दोन बोटांनी तिची हनुवटी खाली करत होते.

"हलायचं नाही," ते सांगत होते. "दिवा विझेपर्यंत हलायचं नाही. हललं की गेला फोटो."

बाई रडकुंडीला आली होती. तिचा नवरा बोरस्तेवर उखडला आणि दोन्ही मुलांना हाताला धरून खाली निघून गेला.

"ताई, असं झालं तर पार्टी कशी टिकायची?" बोरस्ते कपाळाला हात लावून म्हणाला.

"चोवीस तास आधी कळवायचं असतं, बोरस्ते. मी कायदा वाचलाय. कळवल्यावरही वेळ मला सोयीची नसेल तर बदलून द्यावी लागते. आणि मी हो म्हटल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडायचा नाही."

"बरोबर आहे तुमचं. पण मालक रोज फोन करतात. घर रिकामं पडायच्या आत नवा भाडेकरू पाहिजे त्यांना." बोरस्ते तसा वाईट माणूस नव्हता. त्याला कामाची घाई असायची, इतकंच. त्यानं जरा विचार केला. "कुणीच उंबरा ओलांडणार नाही असं केलं तर? भिंतींकडून पाहणी लावू."

पाथर्डी फाट्यावरच्या त्या सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटला मालकानं दोन वर्षांपूर्वी रंग दिला होता, तो साधा रंग नव्हता. त्यात डोळ्यांना न दिसणारे धातूचे कण होते आणि प्रत्येक कण म्हणजे एक चिमुकली अँटेना. घरातल्या वायफायच्या लहरी अष्टौप्रहर सगळीकडे आदळत असतात. कपाटावर, पलंगावर, माणसाच्या अंगावर. तिथून परतून त्या भिंतीवर येतात. कुठल्या दिशेनं, किती उशिरा आणि किती क्षीण होऊन आल्या, यावरून भिंतींना घरात काय कुठे आहे त्याचा आकार कळतो. वटवाघूळ अंधारात वाट काढतं तसाच हा प्रकार. रंग मात्र लहरींना कळत नाहीत, म्हणून आधी एकदा एक माणूस कॅमेरा घेऊन खोल्यांतून फिरतो आणि सामानाचे, पडद्यांचे रंग टिपून नेतो. मग दुबईत बसलेलं गिऱ्हाईकसुद्धा चष्मा डोळ्यांवर चढवून या घरात फिरू शकतं.

कायदा करणाऱ्यांनी भाडेकरूचा विचार केला नव्हता असं नाही. दोन अटी होत्या. एक, घरातली माणसं चित्रातून पुसायची. जिथे माणूस असेल तिथे मागची भिंत किंवा रिकामी खुर्ची भरून दाखवायची. दुसरी, पाहणी चालू असेपर्यंत प्रत्येक खोलीत छताला एक पांढरा दिवा लागलेला ठेवायचा, म्हणजे आपलं घर कुणीतरी बघतंय हे राहणाऱ्याला कळेल. अर्ध्या अर्ध्या तासाच्या पाळ्या, सकाळी अकरा ते दुपारी चार. घरातल्याला न कळता कुणी काही बघणार नाही, अप्पांना परक्या माणसांचा त्रास नाही. मयूरीनं देव पावल्यासारखी सही केली.

तिच्या मागे तेवढाच एक घोर होता असं नाही. पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये ती तपासनीस होती. घर सोडल्यावर कंपनी तिला आवारातच क्वार्टर द्यायला तयार होती. एक खोली, एका माणसासाठी, नियम म्हणजे नियम. दुसरं घर शोधायचं तर विसराळू म्हातारा सोबत आहे म्हटल्यावर मालक लोक गोड बोलून दार लावून घेत. त्र्यंबक रोडला एका वृद्धनिवासात अप्पांसाठी एक खाट मिळत होती. त्यासाठीचा फॉर्म पंचवीस तारखेपर्यंत द्यायचा होता. फॉर्म तिनं भरला होता, फक्त सही बाकी होती. अप्पांना यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगायला जीभ रेटत नव्हती.

लोकांना आपलं घर कसं दिसतं ते एकदा बघावं म्हणून चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं मैत्रिणीच्या नावानं एक पाळी घेतली. परदेशी गिऱ्हाइकांना माल दाखवायला पॅकहाउसमध्ये चष्मे असायचेच. त्यातला एक चढवून ती दारातून आत शिरली.

हॉल, खिडकी, खिडकीशी अप्पांची वेताची खुर्ची. खुर्ची रिकामी होती. अप्पा या वेळी तिथेच बसलेले असतात हे तिला माहीत होतं. त्यांना पुसून टाकलंय हेही माहीत होतं. तरी तिनं आतल्या खोलीत जाऊन पाहिलं, मोरीत पाहिलं. पलंगावरची चादर नीट होती. कुठे सांडलेलं नाही, कुणी हाका मारत नाही, गॅस चालू राहिलाय का बघायला धावायचं नाही. घर एकदम मोठं आणि उजेडाचं वाटत होतं. तिचे खांदे आपोआप सैल झाले, आणि आपल्याला बरं वाटतंय हे लक्षात आल्यावर तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

लाज वाटली म्हणून ती थांबली मात्र नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, तिसऱ्या दिवशीही. डबा उघडा टाकून अर्धा तास ती त्या रिकाम्या घरात नुसती उभी राहायची. अप्पांना निवासात ठेवल्यावर हे असं असेल, याची सवय करून घेतेय, असं ती मनाशी म्हणायची.

याच सुमारास भाडेकरूंच्या एका ग्रुपवर तिला युक्ती सापडली. परके लोक घर बघायला नको असतील तर सगळ्या पाळ्या आपणच वेगवेगळ्या नावांनी अडवून ठेवायच्या. पकडलं तर फार तर नाव काढून टाकतात. तिनं अकरा ते तीन रोज आपोआप बुक होईल असं लावून टाकलं. तीनच्या दोन पाळ्या तेवढ्या बोरस्तेला संशय नको म्हणून मोकळ्या ठेवल्या. माझं घर अजून माझं आहे, मुदत संपेपर्यंत त्यावर माझा हक्क आहे, असं तिला त्या दिवशी फार जोरात वाटलं.

मग युरोपला जायचे कंटेनर एकामागून एक लागले आणि आठ दिवस तिला मान वर करायला सवड मिळाली नाही. चष्म्याकडे बघायचंही सुचलं नाही.

त्या आठ दिवसांत अप्पा ढासळले. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा टेबलावर झाकून ठेवलेलं ताट तसंच असायचं. ओठांना भेगा पडलेल्या, पायजमा ओला. उठताना गुडघे धरून कण्हायचे. समोरच्या कुलथे काकू रोज एक वाजता अप्पांना बघून जायच्या, त्यांनी जिन्यात गाठून सांगितलं, "अगं, हल्ली बेल वाजवली तरी दार उघडत नाहीत. मला वाटलं झोपले असतील. पण रोजच?"

"अप्पा, काकूंना दार का उघडत नाही?" तिनं विचारलं.

"फोटोवाले येतात ना. आज पण आले होते. लई वेळ लावतात."

"हो का," ती म्हणाली आणि त्यांचा पायजमा बदलायला घेतला. असल्या गोष्टींना हो म्हणायला ती तीन वर्षांत शिकली होती. वृद्धनिवासाच्या बाईंना फोनवर हे सगळं सांगितलं तेव्हा त्या समजूतदार आवाजात म्हणाल्या, की हा पुढचा टप्पा आहे, आता घरी सांभाळणं कठीणच. मयूरीच्या मनातली उरलीसुरली कुरबुर त्या वाक्यानं मिटली. उद्या सही करायची असं तिनं ठरवलं. उद्या चोवीस तारीख होती.

दुसऱ्या दिवशी दीड वाजता शेवटचा कंटेनर निघाला. ती डबा घेऊन बसली, फॉर्म समोर ठेवला, आणि सही करण्याआधी एकदाच म्हणून चष्मा चढवला.

खुर्चीत अप्पा होते.

तिला वाटलं मनाचा खेळ. ती जवळ गेली. अप्पाच. पण रंग नव्हता. कॅमेऱ्यानं त्यांना कधी टिपलंच नव्हतं, म्हणून भिंतींनी नुसता आकार दाखवला होता, ओल्या मातीच्या गोळ्यासारखा करडा. ताठ पाठ, मांडीवर दोन्ही हात, हनुवटी किंचित खाली. डोळ्यांच्या जागी नुसते खड्डे. छाती हलतेय का ते बघायला ती वाकली. काही हलत नव्हतं.

तिनं चष्मा न काढताच पाहणीच्या मदत केंद्राला फोन लावला.

"चित्रात माणूस दिसतोय," ती म्हणाली. "माणसं पुसता ना तुम्ही?"

"माणसं पुसली जातात, मॅडम," पलीकडचा मुलगा पाठ केल्यासारखं बोलला. "हालचालीवरून ओळखतो आपण माणूस. चालणं, हात हलवणं, कूस बदलणं. श्वासाला हालचाल धरत नाही, कारण पंख्यानं पडदे हलतात तेही तसंच दिसतं, मग पडदेच पुसले जातात. झोपलेला माणूससुद्धा अर्ध्यापाऊण तासात एकदा तरी हलतोच. चाळीस मिनिटं जे हललं नाही ते सामान, असा हिशोब आहे."

"चाळीस मिनिटं," ती म्हणाली.

"हो. तुम्हाला दिसतंय ते सामान असेल, मॅडम."

पिंपळगावहून पाथर्डी फाटा, रस्ता मोकळा मिळाला तरी पाऊण तास. तिनं कुलथे काकूंना फोन केला, दाराच्या कुलपाचा आकडा सांगितला. "काकू, पळा. अप्पा खुर्चीत आहेत. बघा फक्त. फोन चालू ठेवा."

काकूंच्या चपलांचे आवाज, धाप, बटणांची टिकटिक. चष्म्यात मयूरीला घराचं दार आपोआप उघडताना दिसलं. आत कुणी आलं नाही. काकू हलत्याचालत्या होत्या, त्यांना पुसलेलं होतं. दार उघडं, हॉल रिकामा, आणि खुर्चीत तो करडा आकार. फोनवर काकू "आहेर भाऊ, अहो आहेर भाऊ" करत होत्या. मयूरी बघत होती. कुणी हात लावला असेल तर तिला ते दिसणार नव्हतं.

मग आकार विरला. आधी हात गेले, मग खांदे, मग डोकं. खुर्ची रिकामी झाली.

अप्पा हलले होते.

ती खाली बसली आणि रडली. रिकाम्या खुर्चीकडे बघून कुणी इतकं रडताना पॅकहाउसच्या बायकांनी कधी पाहिलं नसेल. काय झालं म्हणून दोघी धावत आल्या. तिनं फोन कानाशी घट्ट धरला. फोनमध्ये अप्पांचा आवाज आला, कोरडा आणि रागावलेला. "काय बाई तुम्ही. दिवा लागलेला दिसत नाही का. हलवलं ना मला. गेला आता फोटो."

घरी पोहोचली तेव्हा काकू त्यांना चमच्यानं मीठसाखरेचं पाणी पाजत होत्या. डॉक्टर येऊन गेले होते. शरीरातलं पाणी फार कमी झालंय, पायांना सूज आहे, आणखी दोन दिवस असेच गेले असते तर कठीण होतं, असं सांगून गेले होते. पुढचा टप्पा वगैरे काही म्हणाले नव्हते. काकू निघून गेल्यावर मयूरी अप्पांच्या पायाशी बसली.

"अप्पा, तुम्ही रोज असे बसता?"

"दिवा लागला की बसायचं. मला कोण शिकवणार?" ते म्हणाले. "पण हे फार हळू काम करतात बाई. अकराला दिवा लावतात ते तीन-चारपर्यंत विझवतच नाहीत. सुरवातीला बरे होते, घटकाभरात आटपायचे."

"उठायचं ना मग. पाणी प्यायचं, जेवायचं."

"आणि फोटोत कोण यायचं?" त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं गिऱ्हाइकानं काहीतरी खुळ्यासारखं विचारल्यावर पाहायचे. "घराचा फोटो काढतायत. घरात माणूस नको का दिसायला? नुसत्या भिंती कोण बघतं."

अर्धा तासच दिवा लागला असता तर ते अर्धा तास बसले असते, उठले असते, जेवले असते. परक्या लोकांनी त्यांना काहीच केलं नव्हतं. चार चार तास दिवा जळत ठेवला होता तो तिनं. हक्क म्हणून, हुशारी म्हणून, आणि ते नसलेलं घर बघायला बरं वाटत होतं म्हणून. कुणाला सांगायची सोय नव्हती अशी ती गोष्ट होती. तिनं अप्पांनाच सांगितली.

"अप्पा, तो फोटो मीच काढत होते."

ते काही रागावले नाहीत. थोडे पुढे झुकले. "मग आला का?"

"आला."

"कसा आला?"

"पाठ ताठ आली. हात मांडीवर." तिनं त्यांचा सुजलेला पाय हातात घेतला. "डोळे नाही आले."

"उजेड चुकला," अप्पा म्हणाले. त्यात त्यांना तिची चूक मोठी वाटली नाही. पाणी संपवून ते तिथेच झोपी गेले, आणि झोपेत दर दहा मिनिटांनी कूस बदलत राहिले. मयूरी ते मोजत बसली होती. तिनं सगळ्या नावांच्या सगळ्या पाळ्या रद्द केल्या. वृद्धनिवासाचा फॉर्म पिशवीत होता, त्याला तिनं हात लावला नाही. लावला असता तर काय केलं असतं, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. एका घरमालकाला फोन केला, दुसऱ्याला केला. वडील सोबत आहेत म्हटल्यावर दोघांनी विचार करून कळवतो असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली.

सकाळी दहाला बोरस्तेचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता.

"ताई, काम झालं. मागल्या मंगळवारी तीनला पाहणी केली होती ती पार्टी तयार झाली. पुण्याचे आहेत, सज्जन माणसं. आता फक्त सामानाची यादी करून घेऊ, काय राहणार, काय तुम्ही नेणार. पडदे?"

"राहतील."

"गिझर मालकाचाच. जेवणाचं टेबल?"

"राहू दे."

"बरं. आणि ते हॉलमध्ये खिडकीशी, खुर्चीत बसलेला पुतळा आहे ना, त्याचं ते लोक फार विचारतायत. मॅडमना आवडलाय. म्हणे किती शांत बसवलाय. मी म्हटलं मला तर कधी दिसला नाही बुवा, नवीन घेतला असेल. तो इथेच ठेवणार का बरोबर नेणार?"

मयूरीनं खिडकीकडे पाहिलं. अप्पा खिडकीशी उभे राहून खालच्या रस्त्याकडे बघत होते आणि एका हातानं पायजम्याची नाडी सावरत होते.

"ताई? यादीत काय लिहू?"

"बरोबर नेणार," ती म्हणाली.

"नक्की ना? कारण तुमची क्वार्टरची खोली लहान आहे म्हणाला होतात. उगाच अडचण. तिथे एकाच माणसाला—"

"मी क्वार्टरला जात नाहीये."

"मग कुठे?"

कुठे ते तिला ठाऊक नव्हतं. मुदतीचे सोळा दिवस उरले होते, आणि पंचवीस तारीख आजच होती.

"ते ठरलं की सांगते. आणि भिंतींच्या पाहणीची परवानगी मी आजपासून मागे घेतेय, तसं लेखी पाठवते. घर बघायचं त्यांनी चोवीस तास आधी कळवून दारातून यावं. माणसं घरात असतील." ती थांबली. "यादी वाचून दाखवा."

बोरस्तेनं वाचली. "पडदे, राहणार. गिझर, मालकाचा. टेबल, राहणार. खुर्चीतला पुतळा, एक नग, भाडेकरू नेणार."

"पुतळा खोडा," मयूरी म्हणाली. "दिगंबर आहेर लिहा. वय अठ्ठ्याहत्तर."

पलीकडे कागदावर पेन फिरल्याचा आवाज आला. मग बोरस्तेनं हळू आवाजात विचारलं, आहेर कसं लिहायचं, आणि तिनं एक एक अक्षर सांगितलं.